ज्येष्ठ कामगाराने स्वतःहून ले-ऑफ घेतला तर त्याची सेवाज्येष्ठता टिकते का?

आपण विचारले आहे की, कंपनीत ले-ऑफची, म्हणजे काम नसल्याने कामगारांना तात्पुरते घरी बसवण्याची, नोटीस लागण्याची चिन्हे दिसत आहेत, ज्येष्ठता यादीत खाली असलेल्या तरुण मुलांचे संसार नुकतेच उभे राहिले आहेत, तेव्हा त्यांच्याऐवजी आपल्यासारख्या जुन्या कायम कामगाराने घरी बसायचे ठरवले, तर सेवाज्येष्ठता आणि कामावर परत येण्याचा हक्क शाबूत राहतो का. जळगाव एमआयडीसीत मी बरीच वर्षे युनियनचे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, हक्क राहतो. पण तो आपल्या अर्जाने राहत नाही, युनियनने केलेल्या कराराने राहतो. करार झालेला नसेल तर असा अर्ज देऊच नये.

याचे कारण ले-ऑफच्या व्याख्येतच आहे. वीज, कोळसा किंवा कच्च्या मालाचा तुटवडा, मालाचा साठा पडून राहणे, यंत्रातील बिघाड, नैसर्गिक आपत्ती अशा कारणांमुळे मालक हजेरीपटावरील कामगाराला काम देऊ शकला नाही, तर त्याला ले-ऑफ म्हणतात. कामगाराच्या इच्छेला त्या व्याख्येत जागाच नाही. आमच्याकडच्या एका चटई कारखान्यात माल उठेनासा झाला, तेव्हा एका ज्येष्ठ ऑपरेटरने ‘मी बसतो घरी, पोराले ठेवा’ म्हणत साध्या कागदावर ‘घरगुती कारणास्तव काही महिने कामावर येऊ शकत नाही’ असा अर्ज दिला. पुढे भरपाईचा विषय निघाला, तेव्हा व्यवस्थापनाने तोच कागद पुढे करून ही बिनपगारी रजा असल्याचे सांगितले. माणसाचा हेतू सगळ्या खात्याला ठाऊक होता, पण फाइलमध्ये हेतू लागत नाही, कागद लागतो.

हा फरक पैशापुरता नाही. रीतसर ले-ऑफ असेल तर किमान एक वर्षाची अखंड सेवा झालेल्या कायम कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई मिळते, आणि करारानुसार किंवा स्थायी आदेशांनुसार (कारखान्याच्या मंजूर सेवानियमांनुसार) दिलेल्या ले-ऑफचे दिवस ग्रॅच्युइटीसाठी लागणाऱ्या २४० दिवसांच्या हिशोबात धरले जातात.

आता ज्येष्ठतेचा मुद्दा. ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हे तत्त्व औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २५-जी मध्ये होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. मात्र दोन गोष्टी नीट लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे हे तत्त्व कामगार कपातीसाठी, म्हणजे कामावरून कायमचे कमी करण्यासाठी, सांगितलेले आहे. तात्पुरत्या ले-ऑफमध्ये कोणी आधी बसायचे हे बहुतेक वेळा स्थायी आदेश, करार आणि त्या कारखान्याची रीत यांवरून ठरते. दुसरी म्हणजे ते तत्त्वसुद्धा ‘वेगळा करार नसेल तर’ या अटीवर आहे, आणि आपल्याला हवी असलेली वाट नेमकी तिथूनच निघते. अमेरिकेतील मोटार कामगारांनी उलट्या ज्येष्ठतेने, म्हणजे जुन्यांनी आधी घरी बसण्याची जी पद्धत करारांत आणली, ती त्यांना परवडली, कारण १९५५ साली फोर्ड कंपनीशी झालेल्या करारापासून बेकारी भत्त्यावर कंपनीच्या निधीतून पूरक रक्कम मिळू लागली होती. आपल्याकडे निम्म्या पगारावर तेच करायचे, तर घरी शेती किंवा दुसरी मिळकत असलेला माणूसच पुढे येतो, आणि खानदेशात तो येतोही. कापूस वेचणीच्या दिवसांत असे स्वेच्छुक शोधावे लागत नाहीत.

नेमकी इथेच मोठी अडचण होते. ले-ऑफची भरपाई हवी असेल तर कामगाराने रोज एकदा, ठरलेल्या वेळी, कारखान्यात येऊन हजेरी लावावी लागते. वेचणीला गेलेला माणूस गेटवर सही करायला येत नाही आणि भरपाई जाते. म्हणून करारात ‘स्वेच्छेने बसलेल्यांना दैनंदिन हजेरीची अट राहणार नाही’ हे वाक्य असलेच पाहिजे. त्याच्या आधी, किती जणांचा ले-ऑफ हे व्यवस्थापनाने स्वतः कारणासह ठरवले असून स्वेच्छुक त्या संख्येतच कनिष्ठांच्या जागी बसत आहेत, असेही नोंदवून घ्यावे. परतीचा क्रम, परतीची शेवटची तारीख आणि मधल्या काळात ज्येष्ठता यादीतील जागा न हलणे, याही गोष्टी त्यात याव्यात. हा करार सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, समेट अधिकाऱ्यासमोर (मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) झाला तर तो युनियनचे सभासद नसलेल्यांनाही बांधतो. खासगीत झालेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो, आणि दोन युनियन असलेल्या कारखान्यात हा फरक फार महागात पडतो.

अर्ज करण्याआधी ज्येष्ठता यादी स्वतः वाचावी. ती सबंध कारखान्याची नसून वर्गवार असते. हेल्पर म्हणून पंधरा वर्षे झालेला माणूस गेल्या वर्षी ऑपरेटर झाला असेल, तर ऑपरेटरच्या यादीत तो तळाशी दिसू शकतो, आणि आपण ‘सिनियर’ असल्याच्या समजुतीने उदारपणा दाखवणारा प्रत्यक्षात कपातीच्या रांगेत पहिला निघतो.

शेवटी, ‘स्वेच्छा’ हा शब्द पाहून कंपनी स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म पुढे करील, तर त्यावर सही करू नये. स्वेच्छानिवृत्ती ही कपात मानली जात नाही. त्यामुळे कपात झालेल्याला नव्या भरतीत जे प्राधान्य मिळते, आणि नव्या संहितेत ते कपातीपासून एका वर्षापुरतेच आहे, तेही अशा माणसाला मागता येत नाही. रक्कम मोठी असेल आणि निवृत्ती जवळ आलेली असेल तर तो हिशोब वेगळा मांडावा, पण मग तो ले-ऑफचा प्रश्न राहत नाही.