नादखुळ्यांचे प्रश्न : आधी ट्रे ऐका

प्रश्न : मी निपाणीचा, हायस्कूलमधून निवृत्त झालेला शिक्षक. घरी शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या तीनशेच्या वर सीडी आहेत. जुना टू-चॅनल ॲम्प्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकर अजून चांगले वाजतात. सीडी मात्र डीव्हीडी प्लेअरवर लावतो. आता पन्नास हजारांपर्यंतचा चांगला सीडी प्लेअर घ्यावा म्हणतो. एक दुकानदार ‘३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झचा डॅक’ असं सांगून एक मॉडेल गळ्यात मारू बघतोय. मुलगा म्हणतो, फोनवर सगळं मिळतं, कशाला पैसे घालवता? काय करू?

उत्तर : गुरुजी, मुलाचं आधी बघू. तुमच्या कपाटातल्या कुठल्याही वीस सीडी काढा आणि फोनवर शोधायला त्यालाच बसवा. तोच गवई सापडेल, तोच रागही सापडेल, खरं मैफल दुसरीच निघेल. तुम्हाला हवी ती मैफल तुमच्या कपाटात आहे. ती नीट वाजवायची एवढाच प्रश्न उरतो.

आता दुकानदार. डॅक म्हणजे चकतीवरच्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा भाग. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे डाव्या आणि उजव्या बाजूला प्रत्येकी ४४,१०० नमुने (म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ) असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा. फिलिप्स आणि सोनीनं मिळून १९८० साली हे ठरवलं, ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात पहिला प्लेअर विक्रीला आला, आणि आजही तुमच्या चकतीवर तेवढंच आहे. ३२ बिटचा डॅक म्हणजे पाव लिटर दूध पाच लिटरच्या किटलीत ओतणं. किटली मोठी म्हणून दूध वाढत नाही. डॅकची चिप हल्ली बहुतेक सगळ्यांकडे चांगलीच असते. फरक पडतो तो चिपच्या पुढच्या ॲनालॉग भागात आणि पॉवर सप्लायमध्ये, आणि त्याचा आकडा खोक्यावर छापलेला नसतो.

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या टेबलावर गेली तीस-बत्तीस वर्षं सीडी प्लेअर दुरुस्तीला येतात. त्यात डॅक गेलेला म्हणून आलेले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळे कशासाठी आले? ट्रेचा रबरी पट्टा ढिला, चकती फिरवणारी मोटार दमलेली, हेडच्या (लेसर आणि लेन्स बसवलेल्या गाड्याच्या) दांड्यावरचं ग्रीस वाळून मेण झालेलं, नाहीतर लेसर म्हातारा. म्हणून माझं म्हणणं असं, की प्लेअर घेताना आधी यंत्र बघा, आवाज नंतर.

हे यंत्र काय करतं ते एकदा ऐका, म्हणजे मी ट्रेच्या मागं का लागलोय ते कळेल. चकतीच्या खालून ७८० नॅनोमीटरचा लेसर वर बघत असतो. त्याला दिसतात ते अर्ध्या मायक्रॉन रुंदीचे खड्डे. खड्ड्यांची ओळ आतून बाहेर गोल गोल जाते, दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. सगळी ओळ उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरते. आतल्या बाजूला चकती मिनिटाला साधारण ५०० फेरे घेते, कडेला येईपर्यंत २०० वर उतरते. आणि हे सगळं सांभाळायला असतो एक छोटा गाडा, दोन दांडे आणि प्लॅस्टिकची दातेरी चाकं. हा गाडा डगमगला की पुढची महागडी चिप काय करणार? चुकलेलं भरून काढायची सोय सीडीतच केलेली आहे, पण एका मर्यादेपलीकडं प्लेअर अंदाजानं ठिगळ लावतो किंवा गप्प बसतो.

तर दुकानात जाताना स्वतःच्या तीन सीडी पिशवीत घालून जा. एक सत्तर मिनिटांच्या वरची. तिचा शेवटचा ट्रॅक लावा, कारण तो चकतीच्या कडेला असतो, आणि चकती जराशी वाकडी असेल तर कडच जास्त डुलते. दुसरी तुमच्या नातवंडांनी खेळलेली, ओरखडे पडलेली. तिसरी मैफलीची, जिच्यात विलंबित संपून द्रुत सुरू होताना मधेच ट्रॅक बदलतो. कित्येक डीव्हीडी प्लेअर तिथं क्षणभर आवाज बंद करतात, टाळ्या कातरल्यासारख्या तुटतात. तुमच्या घरी हे होतच असेल, आणि बहुतेक तुम्ही रेकॉर्डिंगलाच दोष देत असाल.

गाणं लावण्याआधी ट्रे दहा वेळा उघडा, मिटा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. मधेच अडखळायला नको आणि शेवटच्या अर्ध्या इंचात ‘टक्’ व्हायला नको. चकती घातल्यापासून एकूण वेळ दिसेपर्यंत किती सेकंद लागतात तेही मनात मोजा. नव्या प्लेअरला चकती ओळखायला दोन-तीनदा प्रयत्न करावा लागत असेल, तर तो पाच वर्षांनी काय दिवे लावणार?

मग आवाज. त्यासाठी माझी एकच खूण आहे, तंबोरा. कुमार गंधर्वांची एखादी सीडी असेल तर न्या. ते आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, म्हणून म्हणत नाही. एका फुप्फुसाचा भरवसा गेल्यावर त्यांनी छोट्या छोट्या तुकड्यांची गायकी केली, त्यामुळं गाण्यात जागोजागी गळा थांबतो आणि जुळवलेले तंबोरे एकटे उरतात. तिथं कान लावा. चांगल्या प्लेअरवर तारांच्या जवारीची झणझण शेवटपर्यंत उलगडत जाते. कच्च्या प्लेअरवर तंबोरा म्हणजे मागं कुणीतरी फॅन लावून ठेवल्यासारखं ऐकू येतं. वीस मिनिटं ऐका. पाच मिनिटांत जो प्लेअर ‘वा!’ म्हणायला लावतो, त्यानं बऱ्याचदा वरचे सूर उगाच टोकदार केलेले असतात, आणि तासाभरानं डोकं चढतं.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्टचा सिग्नल येतो. तुमचा ॲम्प कॅसेटच्या जमान्यातला असेल तर त्याची ‘ऑक्स’ची जागा पाव व्होल्टपेक्षाही कमी सिग्नलसाठी बनवलेली असू शकते. मग आवाजाचं बटण जरा फिरवलं की घर दणाणतं, किंवा तार षड्जावर आवाज फाटतो. फाटला तर प्लेअर परत करायला धावू नका. सिग्नल कमी करणारी जोडणी (आमच्याकडे ॲटेन्युएटर म्हणतात) शंभर-दोनशे रुपयांच्या सामानात होते, कुठलाही जाणता मेकॅनिक दोन-दोन रेझिस्टर घालून करून देईल. आणि ‘फोनो’ लिहिलेल्या जागेत सीडी प्लेअर कधीच लावू नका. ती ग्रामोफोनच्या तबकडीची जागा.

मॉडेल विचारलंय म्हणून नावं घेतो. यामाहाचा सीडी-एस३०३, डेनॉनचा डीसीडी-६००एनई आणि मॅरांट्झचा सीडी६००७ ऐकून या. किमती सारख्या हलतात, म्हणून लिहीत नाही. मी तुमच्या जागी असतो तर यामाहा घेतला असता. आवाज सरळ आहे, नखरा नाही, आणि मागं ऑप्टिकल आणि कोॲक्सिअल असे दोन्ही डिजिटल आउट आहेत. पुढंमागं मुलानं वेगळा डॅक आणला तर हाच प्लेअर त्याला जोडता येईल. मॅरांट्झला हेडफोनची जागा आहे. घरात रात्री लवकर निजणारं माणूस असेल तर तिकडं वळा. केंब्रिज ऑडिओचा सीएक्ससी कुणी दाखवला तर लक्षात ठेवा, त्यात डॅक नाहीच, तो नुसती चकती वाचतो. वाईट नाही, पण एकटा तुमच्या ॲम्पला जोडून वाजणार नाही.

पैसे देण्याआधी शेवटचं विचारा : बिघडला तर पेटी कुठं जाणार, कोल्हापूरला, हुबळीला की थेट मुंबईला, आणि भाडं कुणाचं? ‘बघू की ओ सर, आपलंच दुकान आहे’ असं उत्तर आलं तर बिलावर लिहून मागा. आणि आतल्या थर्माकोलसकट खोकं माळ्यावर टाकून ठेवा.

प्रश्न : खानापूरला राहतो. पावसाळा लागला की प्लेअर ‘नो डिस्क’ दाखवतो, दिवाळीनंतर आपोआप बरा होतो. ब्रश लावलेली क्लीनिंग सीडी आणू का?

उत्तर : नको. ते ब्रश कधी कधी लेन्सलाच घासतात. खानापूरची जून ते सप्टेंबरची हवा तुम्ही मला सांगायला नको, कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. तशीच पातळ धुरकट साय लेन्सवर चढते. आधी एक करून बघा. प्लेअर चालू करून अर्धा तास नुसता ठेवा, आत ऊब आली की मग चकती घाला. एवढ्यानं चालला तर दोष दमटपणाचा.

नाही चाललं तर वायर काढून झाकण उघडा. लेन्स म्हणजे मसूरडाळीएवढा निळसर ठिपका, बारीक स्प्रिंगवर तरंगणारा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, झटकून टाका, आणि पापणीवरून बोट फिरवावं तेवढ्याच दाबानं एकदा गोल फिरवा. जोर दिला की स्प्रिंग वाकते आणि मग हेडच बदलावं लागतं. चालू प्लेअरच्या लेन्समध्ये डोकावू नका. लेसर जेमतेम लालसर दिसतो, डोळ्याला इजा मात्र पुरेपूर करतो.

हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू दिसेल. कुणी ‘हा जरा फिरवला की झालं’ म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्यानं लेसरला जास्त करंट जातो, प्लेअर महिनाभर नव्यासारखा पळतो आणि मग कायमचा बसतो. सुरुवातीच्या वर्षांत मी तीन गिऱ्हाइकांचे प्लेअर असे ‘दुरुस्त’ केलेत. तिघंही परत आले.

चकती पुसायची ती मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल पुसलं आणि ओरखडा पडला तर तो ओळीच्या दिशेनंच जातो, आणि सलग चुका भरून काढणं प्लेअरला जमत नाही. लोक खालची चकचकीत बाजू जपतात आणि वरच्या छापील बाजूवर बॉलपेननं नाव लिहितात. गाणं खरं वरच्याच बाजूला आहे, रंगाच्या पातळ थराखाली. खाली सव्वा मिलिमीटरचं प्लॅस्टिक आहे, ते बरंच सोसतं.

प्रश्न : आम्ही वडगावचे. भिंतीला भिंत लागून शेजारी यंत्रमाग आहेत. माग चालू असले की सीडी उडते. महाग प्लेअर घेतला तर थांबेल का?

उत्तर : थांबेलच असं नाही. आधी शोकेस सोडा. ती पोकळ असते, माग तिच्यातून आणखी घुमतो. प्लेअर सामायिक भिंतीपासून काढून समोरच्या भिंतीकडं, बुटक्या स्टुलावर ठेवा. त्याच्याखाली कडप्प्याचा दोन बाय दीड फुटाचा तुकडा आणि कडप्प्याखाली चार कोपऱ्यांत सायकलच्या ट्यूबचे घडी केलेले तुकडे. वडगावातच एका घरी मी हे करून दिलंय. साडेतीनशे रुपयांत काम झालं, त्यात अडीचशे दगडाचे. तेवढ्यानं नाही भागलं तर रात्री माग थांबल्यावर ऐका. तंबोराही तेव्हाच ऐकू येतो.

प्रश्न : एका सीडीत दीडशे गाणी असलेल्या एमपीथ्री सीडी चांगल्या प्लेअरवर चांगल्या वाजतील का? (चिकोडी)

उत्तर : वाजतील, चांगल्या नाही. दीडशे गाणी बसवताना जे कापून टाकलंय ते कुठलाच प्लेअर परत आणू शकत नाही. प्रवासाला ठेवा.

प्रश्न : ओळखीतून जपानचा जुना, जड, नावाजलेला सीडी प्लेअर स्वस्तात मिळतोय. फोटो बघून जीव अडकलाय. घेऊ का? (बेळगाव, टिळकवाडी)

उत्तर : माझाही असाच अडकला होता. पेटी आली, उघडली, आठ-नऊ किलोचा ऐवज, ॲल्युमिनियमची पुढची पट्टी, बघत राहावं असा. संध्याकाळची वेळ, दुकानात दोघं-तिघं मित्र जमलेले. पिन बसत नव्हती म्हणून मीच नुसता पिनचा कन्व्हर्टर लावला (त्यानं व्होल्टेज बदलत नाही) आणि बटण दाबलं. डिस्प्ले लखलखीत पेटला, सगळे ‘अरे वा’ म्हणाले, आणि तेवढ्यात आतून ‘हुम्म्’ करत वार्निश जळाल्याचा वास आला. मागच्या पट्टीवर स्पष्ट लिहिलं होतं, १०० व्होल्ट. दुसऱ्यांना रोज हेच बजावणारा मी, आणि स्वतःच्या पेटीची पट्टी वाचली नव्हती. जपानात वीज १०० व्होल्टची, आपली २३०.

तेव्हा आधी मागच्या पट्टीचा फोटो मागवा. १०० व्होल्ट असेल तर २३० वरून १०० ला उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. बाजारात तयार मिळतो तो बऱ्याचदा ११० चा, अमेरिकी वस्तूंसाठीचा. तो न घेता वाइंडिंगवाल्याकडून १०० चाच गुंडाळून घ्या. सीडी प्लेअर वीस-तीस वॅटच्या वर सहसा खात नाही, शंभर व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) पुष्कळ झाला. दुसरं, हेडचा नंबर विचारा आणि तो नवा मिळतो का ते ठरवण्याआधीच बघा. सोनीच्या आणि सॅन्योच्या काही हेडच्या नकला अजून मिळतात, पण नकलेत चांगली-वाईट असते, त्यामुळं दोन घेऊन ठेवलेल्या बऱ्या. फिलिप्सची जुनी, हात हलवत वाचणारी यंत्रं गेली तर दुसऱ्या मेलेल्या प्लेअरमधूनच काढावी लागतात.

एवढं सगळं जुळलं तर घ्या, आणि पेटी उघडाल त्या दिवशी मला बोलवा. कन्व्हर्टर मात्र तुम्हीच लावा.