एरर आली म्हणून हप्ता सुरू करू नका

तुमचं पत्र दोनदा वाचलं, पहिल्यांदा आकड्यांसाठी आणि दुसऱ्यांदा कॅमेऱ्यासाठी. डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) सात वर्षांचा आहे. गेले दोन महिने क्लिक केल्यावर मध्येच पडद्यावर एरर येते आणि बॅटरी काढून पुन्हा घातली की थोडा वेळ तो चालतो. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने पाच मिनिटं कॅमेरा हाताळून ‘शटर युनिट (क्लिक करताना उघडून मिटणारे आतले पडदे) बदलावं लागेल’ असं तोंडीच सांगितलं, आणि त्याच काउंटरवर नवा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, बारा हप्त्यांत दाखवला. नोकरी सांभाळून तुम्ही छोट्या उत्पादकांच्या वस्तूंचे फोटो काढून देता, त्यामुळे कॅमेरा बंद म्हणजे कमाईही बंद. दुरुस्त करू की नवा घेऊ, हा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर असं की या आठवड्यात दोन्हींसाठी पैसे काढू नका. कारण तुमच्याच पत्रात, अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेल्या एका ओळीत आहे: ‘मैत्रिणीची ५० मिमी लेन्स लावून तासभर फोटो काढले, तेव्हा एकदाही एरर आली नाही.’ माझ्या मते पत्रातली सगळ्यात किमती ओळ हीच आहे. शटर असतं बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात. बॉडी तीच होती, बदलली फक्त लेन्स.

यामागचं तंत्र थोडं समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. डीएसएलआरमध्ये तुम्ही डोळा लावून बघत असता तेव्हा लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडं असतं. तुम्ही एफ/८ ठेवलं असलं (हा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान) तरी आतली पाती फोटो निघण्याच्या क्षणीच तेवढी मिटतात आणि लगेच पुन्हा उघडतात. आजच्या बऱ्याच लेन्समध्ये हे काम एक छोटी मोटर करते आणि तिच्यापर्यंत आज्ञा जाते ती कागदासारख्या पातळ पट्टीच्या केबलमधून. झूम लेन्समध्ये ही पट्टी झूमच्या प्रत्येक फेऱ्याला वाकते. वर्षानुवर्षं वाकून ती चिरते, पाती हलत नाहीत आणि बॉडी एरर दाखवते. हे सगळं क्लिकच्याच क्षणी घडतं, म्हणून बघणाऱ्याला शटर गेलं असं वाटतं. त्या माणसाने तुम्हाला मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. पाच मिनिटांत कोणालाही तसंच वाटलं असतं.

आता तपासणी. आधी दुसरी चार्ज केलेली बॅटरी आणि दुसरं कार्ड घालून बघा. लेन्स आणि बॉडी जिथे जुळतात तिथले सोनेरी बिंदू कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलक्या हाताने पुसा. मळलेल्या बिंदूंमुळेही अशी एरर येते, आणि तसं असेल तर खर्च शून्य.

एवढ्याने भागलं नाही तर तुमची झूम लेन्स लावा आणि अ‍ॅपर्चर त्या लेन्सच्या सगळ्यात लहान आकड्यावर ठेवून वीस-तीस फोटो काढा. या स्थितीत पात्यांना हलावंच लागत नाही. मग एफ/८ वर तेवढेच काढा. पहिल्या फेरीत एरर नाही आणि दुसऱ्या फेरीत आली, तर बोट लेन्सकडे जातं. मैत्रिणीची लेन्स तुम्ही घरातल्या कमी उजेडात वापरली होती. म्हणजे तीही बहुधा पूर्ण उघडीच असणार, म्हणून त्या एका तासावर पूर्ण विसंबू नका, तीही एफ/८ वर वापरून पाहा. तुमच्या बॉडीवर डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण असेल तर आणखी सोपं. एफ/८ ठेवून ते दाबलं की शटर न हलता फक्त पाती मिटतात. तेवढ्यानेच एरर आली तर शटर या प्रकरणातून बाहेर.

शटरचीही स्वतंत्र परीक्षा घ्या. लेन्स काढा, मॅन्युअल मोडमध्ये शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवा आणि पांढऱ्या भिंतीसमोर दहा-पंधरा फोटो घ्या. काही मॉडेलमध्ये लेन्सशिवाय क्लिक होण्यासाठी मेनूतला पर्याय चालू करावा लागतो. आत धूळ जाते, म्हणून हे झटपट उरका. फोटो एकसारखे सपाट दिसले तर पडदे नीट चालताहेत. एका बाजूला काळी पट्टी दिसली, तर शटर खरंच थकलं आहे. फ्लॅश मात्र बंद ठेवा. साधारण १/२०० च्या पुढच्या वेगात फ्लॅशमुळे धडधाकट शटरमध्येही काळी पट्टी येते आणि नसता घोर लागतो.

कॅमेरा स्क्रू काढून उघडू नका, ही कळकळीची विनंती. आतल्या फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) बॅटरी काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्ट राहू शकतात.

आता पैसे. तुम्ही दिलेले आकडे मी प्रमाणात मांडतो. नवा मिररलेस लेन्ससह १०० धरा. त्या मानाने शटरची दुरुस्ती २०, तुमच्याच मॉडेलची वापरलेली चालू बॉडी ३५ आणि तुमच्यासारखीच वापरलेली झूम लेन्स ८. कॅमेऱ्यातून तुम्हाला महिन्याला सरासरी ३ मिळतात. ही कमाई धरून, घरखर्च जाऊन हातात १० उरतात.

बिघाड लेन्सचा निघाला तर वापरलेली लेन्स घ्या आणि कामाला लागा. तिचे पैसे तीन महिन्यांत सुटतात. कॅमेऱ्यासोबत येणारी साधी झूम लेन्स दुरुस्त करायला बऱ्याचदा दुसरी घेण्याइतकाच, कधी त्याहून जास्त खर्च येतो, म्हणून तिच्या दुरुस्तीत अडकू नका. घेताना मात्र याच दोन फेऱ्या विकणाऱ्यासमोर करून बघा.

बिघाड शटरचा निघाला तर थोडा विचार करावा लागेल. अशा वेळी लोक दुरुस्तीचा खर्च एक तर स्वतः सात वर्षांपूर्वी मोजलेल्या किमतीशी ताडतात, नाही तर नव्या कॅमेऱ्याच्या किमतीशी. दोन्हीकडून दुरुस्ती स्वस्त वाटते आणि दोन्ही चूक. पूर्वी मोजलेले पैसे गेले, ते आता कुठल्याच पारड्यात बसत नाहीत. ताडायचं ते आज तसाच चालू कॅमेरा केवढ्याला मिळतो त्याच्याशी, म्हणजे ३५ शी. सर्वसाधारणपणे दुरुस्ती त्याच्या निम्म्याच्या आत असावी असं मी सांगतो. तुमची २० थोडी वर जाते. तरी तुमच्या बाबतीत मी ‘हो’ म्हणेन. वापरलेल्या बॉडीचा इतिहास तुम्हाला माहीत नसतो, स्वतःच्या कॅमेऱ्याचा असतो, आणि शटर कोरं मिळतं. अशा बॉडीचं शटर कंपन्या साधारण १ लाख क्लिकसाठी तपासलेलं सांगतात, वरच्या वर्गात दीड-दोन लाखांसाठी. तुमचे किती क्लिक झाले ते सर्व्हिस सेंटरला विचारा. आकडा ३०-४० हजारच असेल, तर शटर गेल्याच्या निदानावर मला आणखी शंका येईल.

आता हप्ता. बारा हप्त्यांत तो महिन्याला साडेआठच्या आसपास बसतो. ‘बिनव्याजी’ लिहिलं असलं तरी प्रक्रिया शुल्क आणि रोखीत मिळाली असती ती सूट मिळून व्याज तुम्हीच भरता. तुम्हीच लिहिलंय की काही महिने एकही काम येत नाही. त्या महिन्यांत हातात उरणार ७ आणि हप्ता साडेआठ. फरक कुठून येणार? अडीअडचणीच्या पैशांतून, आणि ते तुमच्याकडे फक्त दोन महिन्यांच्या खर्चापुरते आहेत. एका पगारावर चालणाऱ्या घरात मला ते सहा महिन्यांचे हवेत. याची मला खरोखर काळजी वाटते, कॅमेऱ्यापेक्षा जास्त. शिवाय नव्या कॅमेऱ्याचे १०० आजच्या कमाईतून सुटायला जवळपास तीन वर्षं लागतील, दुरुस्तीचे २० सात महिन्यांत. नव्या कॅमेऱ्यामुळे कामं वाढतील असं तुम्हाला वाटतं, पण पत्रात एकाही ग्राहकाने जुन्या कॅमेऱ्याच्या फोटोंबद्दल तक्रार केल्याचं दिसलं नाही.

नवा घ्यायची इच्छा तुम्ही लपवली नाहीत, हे मला आवडलं. ती चुकीची नाही. दुरुस्तीचे पैसे सुटले की कॅमेऱ्याची कमाई वेगळ्या खात्यात साठू द्या. मॉडेल जुनं होत गेलं की किंमत उतरते, आणि बऱ्याच ब्रँडच्या जुन्या लेन्स अडॅप्टर लावून मिररलेसवर चालतात, म्हणजे आज घेतलेली लेन्सही वाया जाणार नाही. तोवर एखादं मोठं काम हातचं जात असेल तर कॅमेरा दिवसाच्या भाड्याने आणा आणि भाडं ग्राहकाच्या दरात धरा.

सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी कंपनीच्या अधिकृत सूचनांमध्ये आपलं मॉडेल शोधा. निकॉनने डी६०० साठी २०१४ मध्ये आणि डी७५० साठी २०१५ मध्ये अशाच सूचना काढून शटरचं काम मोफत करून दिलं होतं, डी६०० च्या बाबतीत तर वॉरंटी संपलेल्यांनाही. असं काही तुमच्या मॉडेलला लागू असेल तर वरचे सगळे आकडे पुसून टाका.

तिथे गेल्यावर तपासणीचं शुल्क आधी विचारा आणि दुरुस्ती केली तर ते बिलातून वजा होतं का, तेही. मी एकदा न विचारता कॅमेरा ठेवून आलो होतो. दुरुस्ती नको म्हटल्यावर नुसत्या अंदाजपत्रकाचे पैसे भरून तो तसाच घरी आणला, म्हणून हे सांगतो. अंदाज लेखी घ्या, काढलेला जुना भाग परत मागा, केलेल्या कामाची हमी किती महिन्यांची ते बिलावर लिहून घ्या. कार्ड, बॅटरी आणि पट्टा घरी ठेवा, बॉडीचा क्रमांक टिपून ठेवा.

लेखी अंदाज २० च्या आसपास आला तर काम करून घ्या. २५ च्या पुढे गेला, किंवा शटरसोबत मदरबोर्डचंही नाव निघालं, तर तिथे होकार न देता कॅमेरा परत आणा आणि मला लिहा. मग आपण ३५ ची वापरलेली बॉडी शोधायला लागू.