संग्रहातली चित्रं संग्रहालयाला ठेवायची असतील तर

मृत्युपत्राआधी संग्रहालयाच्या क्युरेटरशी, म्हणजे संग्रहाची जबाबदारी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोला. न विचारता ठेवलेलं चित्र ते नाकारू शकतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला सर रतन आणि सर दोराबजी टाटांचे संग्रह मिळाले. तसा संग्रह सांभाळणं खर्चिक असतं, म्हणून जतनासाठी थोडी रक्कमही ठेवा.

‘माझी सगळी चित्रं’ असं मोघम लिहू नका. प्रत्येकाचा चित्रकार, माध्यम (तैलरंग, जलरंग वगैरे), सेंटिमीटरमध्ये माप, सहीची जागा, फोटो आणि खरेदीची पावती जोडा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार हवेतच, तेही लाभार्थी नसलेले. चित्र १०० वर्षांहून जुनं असेल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याखालची नोंदणी तपासा.

‘कायम भिंतीवरच लावा’ ही अट मात्र कृपा करून घालू नका! कागदावरचे जलरंग सतत उजेडात राहिले की उडतात.