प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष करांची विभागणी नेमकी आली कुठून?

परीक्षेच्या अभ्यासातले तुमचे प्रश्न दोन: ही विभागणी अ‍ॅडम स्मिथने केली का, आणि घरमालक मालमत्ता कर भाड्यात वसूल करत असेल तर तो प्रत्यक्ष कर कसा? दोन्हींची मुळं फ्रान्समध्ये आहेत.

स्मिथचा 'वेल्थ ऑफ नेशन्स' हा ग्रंथ १७७६ चा. त्याच्या आधीच फ्रेंच राज्यकारभारात हा भेद रुळला होता आणि त्याचा निकष निव्वळ दफ्तरी होता. 'ताय' हा कर गावाच्या यादीत नाव आणि रक्कम मांडून वसूल व्हायचा, म्हणून तो प्रत्यक्ष. मीठ, दारू, जकात यांची वसुली मक्त्याने दिलेली. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम भरायचे. ते कर अप्रत्यक्ष. शेवटी भार कोण सोसतो, याचा इथे संबंधच नव्हता.

मिठावरचा 'गाबेल' बघा. १६८० च्या हुकुमानुसार 'मोठ्या गाबेल'च्या, म्हणजे मिठाचा कर सर्वांत जड असलेल्या, प्रांतांत ८ वर्षांवरच्या दर १४ माणसांमागे वर्षाला एक मिनो, म्हणजे साधारण ४९ किलो, मीठ सरकारी कोठारातून घेणं सक्तीचं होतं. तेही फक्त स्वयंपाकासाठी आणि ताटात वाढायला. मांस खारवायचं तर वेगळं विकत घ्या. काही भागांत गावावर मिठाचा कोटा लावून तो यादीप्रमाणे घरोघरी वाटला जाई. ही उघड डोईपट्टी होती, तरी मक्तेदाराच्या हातून जायची म्हणून अप्रत्यक्ष.

या दफ्तरी भेदाला भक्कम सिद्धान्ताची जोड दिली ती फ्रेंच अर्थतज्ज्ञ फ्रान्स्वा केने आणि त्याच्या निसर्गवादी (फिजिओक्रॅट) संप्रदायाने. त्यांच्या मते वाढावा, म्हणजे खर्च वजा जाता उरणारं उत्पन्न, फक्त जमीन देते. मजुराला जेमतेम पोटापुरतं मिळतं. पावावर कर बसवला की मजुरी वाढवावी लागते, शेतकऱ्याचा खर्च वाढतो आणि पुढच्या करारात तो जमीनमालकाला खंड कमी देतो. म्हणजे कर फिरून जमिनीवरच येतो, वर मक्तेदाराचा नफा, पहारेकऱ्यांचे पगार आणि चोरटा व्यापार यांचं नुकसान वेगळंच. त्यापेक्षा थेट जमिनीच्या वाढाव्यातूनच घ्या. केनेच्या १७६६ च्या मांडणीत वाढाव्याच्या सात भागांपैकी ४ मालकाला, २ राजाला आणि १ धर्मसंस्थेला आहे. करसंक्रमणाचा, म्हणजे कराचा भार एकाकडून दुसऱ्याकडे कसा सरकतो याचा, एवढा बांधेसूद विचार त्याआधी क्वचितच झाला असेल.

स्मिथने यातलं निम्मंच स्वीकारलं. जीवनावश्यक वस्तूंवरच्या कराने मजुरी वाढते, पण तंबाखू-चहासारख्या चैनीवरच्या कराने वाढत नाही. तो भार वस्तू विकत घेणाराच सोसतो. माझ्या मते त्याचं खरं योगदान हे आहे, विभागणी नव्हे.

पाठ्यपुस्तकातली व्याख्या इंग्लिश अर्थतज्ज्ञ जॉन स्टुअर्ट मिलची, १८४८ ची: ज्याने भार सोसावा असा हेतू आहे त्याच्याकडूनच मागितलेला कर प्रत्यक्ष, दुसऱ्याकडून भरपाई करून घेईल या अपेक्षेने मागितलेला तो अप्रत्यक्ष. इथे 'हेतू' या शब्दावर बोट ठेवा. नोट्समध्ये तो गळतो आणि 'भार ढकलता येत नाही तो प्रत्यक्ष कर' एवढंच उरतं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने बँकांवर बसवलेल्या कराच्या खटल्यात १८८७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हाच निकष धरला आणि तो कर प्रत्यक्ष ठरवला. बँक पुढे तो ग्राहकांकडून काढेल का, यावर निकाल अवलंबून ठेवला नाही.

मालमत्ता कराचंही तसंच. मागणी मालकाकडे आणि हेतूही त्यानेच भरावा असा. भाड्यात किती चढतो, हे त्या भागात रिकाम्या जागा किती आहेत यासारख्या गोष्टींवर ठरतं. उत्तरात आधी हेतूचा निकष लिहा आणि करभाराचं विश्लेषण वेगळ्या परिच्छेदात करा.