अब्रू जाते, नाचक्की होते, बट्टा लागतो

प्रश्न असा आहे: ‘अब्रू गेली’, ‘पत गेली’, ‘नाचक्की झाली’, ‘नावाला बट्टा लागला’ या सगळ्यांचा अर्थ एकच का? एकाच्या जागी दुसरं चालेल का?

बहुतेक वेळा नाही. आधी क्रियापद बघा. अब्रू आणि पत ‘जातात’, म्हणजे त्या अगोदर गाठीशी असाव्या लागतात. नाचक्की ‘होते’, तो प्रसंग असतो. भरसभेत भाषण विसरलं तर नाचक्की होते, अब्रू जात नाही. नामुष्की ‘ओढवते’ किंवा ‘पत्करावी लागते’. बदनामी ‘करतात’, आणि ती निव्वळ खोटीही असू शकते.

अब्रू मूळ फारसी. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. पाणीदार मोती म्हणताना जे पाणी अभिप्रेत असतं, तेच हे चेहऱ्यावरचं पाणी. (फारसीत भुवईलाही ‘अब्रू’ म्हणतात, तो शब्द वेगळा. आपल्या उच्चारात ‘आ’ आखडल्यामुळे दोन्ही सारखे दिसतात.)

पत मात्र बाजारातली. ती गेली की व्यापाऱ्याला उधारीवर माल मिळत नाही. पतपेढी, पतपुरवठा यांतली पत हीच.

बट्टाही पैशाच्या व्यवहारातलाच. घासलेलं, वजनात उतरलेलं नाणं मोडायला नेलं की सराफ दर्शनी किमतीतून काही कापून घेई. ती कपात म्हणजे बट्टा. नाणं चालायचं, पण कमी भावानं. म्हणून कलंकापेक्षा बट्टा सौम्य. खून करणाऱ्याबद्दल ‘घराण्याच्या नावाला बट्टा लावला’ असं लिहिलं तर फारच मिळमिळीत वाटतं. तिथे ‘काळिमा फासला’ हवं.

‘नाव’ तर फसवंच. आईबापांचं ‘नाव काढलं’ ही शाबासकी, ‘त्याचं नाव काढू नकोस’ हा तिटकारा. मुलाला ‘नाव ठेवतात’, शेजाऱ्याला ‘नावं ठेवतात’. एका अनुस्वारानं बारशाची निंदा होते.

अब्रूची लक्तरं वेशीवर टांगतात, धिंडवडे निघतात. ‘अब्रूचे धिंडवडे टांगले’ ही सरमिसळ चूक. धिंडवड्यांत धिंड ऐकू येते, आणि धिंड निघते. बातम्यांतली ‘प्रतिमा मलिन झाली’ चूक नाही, पण निर्जीव आहे.

लिहिताना ‘ब्रू’ दीर्घच: अब्रूदार, बेअब्रू, अब्रूनुकसानी. शब्द तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) नसल्यामुळे समासातही तो ऱ्हस्व करायचा नाही.