तिखट मराठी जेवणासोबत रीसलिंग: बाटलीवरचं नाव नको, अल्कोहोलचा आकडा वाचा

प्रश्न: जर्मनीत राहतो. ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्यांना घरी मराठी जेवायला बोलावलंय. रीसलिंग, म्हणजे त्या नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन, कोणती आणू? सगळे म्हणतात ड्राय, म्हणजे बिनगोडाचीच आण, गोड वाइन म्हणजे सरबत.

उत्तर: हे ‘सगळे’ कोण ते चांगलं ठाऊक आहे. गोड रीसलिंग म्हटलं की नाक मुरडायचं आणि मग १३ टक्क्यांची ड्राय वाइन रश्श्यासोबत पाजून पाहुण्यांची तोंडं पोळवायची. अल्कोहोलने तिखट जास्त झोंबतं, साखरेने कमी. मुद्दा एवढाच आहे, पण पटवून घ्यायचंच नसेल तर काय बोलणार.

दुकानात बाटली उलटी करून अल्कोहोल बघा. मोझेल नदीच्या खोऱ्यातली काबिनेट (दर्जाच्या पायऱ्यांतली सगळ्यात हलकी) ७.५ ते ९ टक्क्यांची असेल तर साखर शिल्लक आहे, कारण यीस्टचं काम मध्येच थांबवलेलं असतं. १२ च्या पुढे गेलात की बहुधा ट्रोकन, म्हणजे ड्राय. काबिनेट, तिच्यावरची श्पेटलेजे या पायऱ्या द्राक्षं तोडताना रसात किती साखर होती ते सांगतात, बाटलीत किती उरली ते नाही. त्यामुळे श्पेटलेजे ट्रोकनही मिळते आणि नाव बघून घेणारा हमखास फसतो. ट्रोकनमध्येसुद्धा आम्लता पुरेशी असेल तर लिटरमागे ९ ग्रॅमपर्यंत साखर चालते. लेबलावरचं ‘फाइनहेर्ब’ म्हणजे साधारण अर्धवट ड्राय, पण त्याची कायद्यात व्याख्याच नाही, तिथे आकड्यावरच भिस्त ठेवा.

आता ताट. बटाटेवडे, कोथिंबीर वडी, रव्यातली सुरमई यांना ट्रोकन द्या. तिची आम्लता तेल कापते, वर लिंबू पिळलंत तर आणखी छान. भरली वांगी, कोळंबीचं कालवण, ओल्या खोबऱ्याचं काहीही असेल तर काबिनेट. चिंच-गुळाच्या आमटीशी मात्र ट्रोकनची गाठ घालू नका. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन नुसती आंबट आणि पाणचट लागते, आणि दोष बाटलीला दिला जातो. पुरणपोळीला तर श्पेटलेजेच्याही वरची, गोड आउसलेजेही अपुरी पडते. तिथे तूप वाढा, वाइन बाजूला ठेवा.

फ्रिजमधून १५-२० मिनिटं आधी काढा, ८ ते १० अंशांवर द्या. बर्फासारखी गार केलीत तर वास मरतो. कोमट झाली की काबिनेट चिकट लागते. फ्रीझरमध्ये टाकून विसरलात तर बूच वर येतं, नाहीतर बाटली तडकते. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत ते. जुन्या रीसलिंगला रॉकेलसारखा वास येतो, तोही बिघाड नव्हे.

सरबताचा शिक्का आला कुठून तेही सांगतो. परदेशात स्वस्तात विकली गेलेली ती लीबफ्राउमिल्श नावाची गोडमिट्ट जर्मन वाइन बहुतेक म्युलर-थुर्गाउ या दुसऱ्याच द्राक्षाची असायची. रीसलिंगने तिच्या पापाची फळं भोगली. चांगल्या मोझेल काबिनेटमध्ये साखरेइतकीच धार आम्लतेची असते, म्हणून ती तोंडात बसून राहत नाही. ज्याला सरबत वाटतं त्याला ती नाव न सांगता, गार करून, कालवणासोबत द्या.

एक राहिलंच. पाहुणे एप्रिल-जूनमध्ये येणार असतील आणि त्यांनी श्पार्गेल आणले, तर त्या पांढऱ्या शतावरीला फ्रांकेन भागातली, झिल्वानर द्राक्षाची ट्रोकन जास्त जमते. लाकडी पिंपात मुरवलेली वाइन त्यासोबत कडवट लागते. आणि तांबडा रस्सा खरोखर कोल्हापुरी करणार असाल तर वरचं सगळं विसरा. त्यापुढे काबिनेटही टिकत नाही, सोलकढी करा.