नजीबखान आणि मलाला भाऊबंद?

प्रश्न : पानिपतातला नजीबखान रोहिला आणि मलाला युसुफझाई एकाच जमातीचे, असं नातू कुठूनसं ऐकून आला. मी त्याला वेड्यात काढलं. खरं काय?
– एक आजोबा, ऐरोली

उत्तर : आजोबा, नातवाला वडापाव देणं लागता. रोहिला ही जमातच नव्हे. ‘रोह’ म्हणजे डोंगराळ मुलूख. तिथून येऊन गंगेपलीकडे स्थिरावलेले पठाण ते रोहिले. नजीबचं गाव आजच्या पाकिस्तानातल्या स्वाबीजवळचं मनेरी, कूळ युसुफझाईंच्या मंदण शाखेचं. ही शाखा मर्दान-स्वाबीच्या सपाटीवर राहिली, तर दुसरी स्वातच्या खोऱ्यात गेली. मलाला तिथल्या मिंगोऱ्याची. म्हणजे भाऊबंद खरे, पण फार लांबचे.

‘झाई’ म्हणजे अमक्याचे वंशज. सगळ्या पठाणांचा मूळपुरुष कैस, ही वंशावळ जहांगिराच्या काळात नियामतुल्लानं ग्रंथात मांडली. तो ग्रंथ 1613 मध्ये पुरा झाला बुऱ्हाणपुरात, आपल्या रावेरच्या पलीकडेच! त्या वंशावळीवर इतिहास म्हणून मी विसंबत नाही.

युसुफझाई आधी कंदाहारकडे होते, मग काबूलला आले. तिथल्या उलुगबेग मिर्झानं त्यांच्या म्होरक्यांना दग्यानं मारलं (हा बाबराचा चुलता, खगोलशास्त्रज्ञ उलुगबेग वेगळा). उरलेले मलिक अहमदाच्या मागे पेशावरच्या खोऱ्यात उतरले आणि त्यांनी तिथल्या दिलाझाक पठाणांकडून जमीन घेतली. 1519 मध्ये बाबरानं त्यांच्या सरदाराची मुलगी बीबी मुबारिका हिच्याशी लग्न केलं. 1586 मध्ये यांच्याच डोंगरात अकबराचा बिरबल मारला गेला.

मला खरा रस आहे तो त्यांच्या जमिनीच्या वाटणीत. मी नेरूळ गावातला. आमचं भातशेत नव्या शहरासाठी संपादनात गेलं, त्यामुळे साडेबारा टक्के (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळणारा हिस्सा) आणि भूखंडाची सोडत हे शब्द घरात रोजचे. शेख मली नावाच्या माणसानं युसुफझाईंची जमीन हिश्शांत बांधली. कुणाला पाणथळ, कुणाला खडकाळ, असा अन्याय कायमचा राहू नये म्हणून ठरावीक वर्षांनी जमिनींची अदलाबदल व्हायची. बायकापोरं, गुरं घेऊन अख्खी गावं जागा बदलायची! या रिवाजाला ‘वेश’ म्हणत, आणि हिश्शाला ‘दफ्तर’. दफ्तर गेलं की जिरग्यात, म्हणजे त्यांच्या पंचायतीत, बोलायचा हक्क गेला; रक्त युसुफचं असलं तरी अशा माणसाला कुणी पख्तून, म्हणजे पठाण, म्हणेना. सातबारावरून नाव उतरलं की भावकी कशी बघते, ते आमच्याकडच्यांना सांगायला नको.

स्वातच्या राज्यकर्त्यानं 1920 च्या दशकात ही फेरवाटणी थांबवून जमिनी कायम केल्या. नजीब तर त्याच्या कितीतरी आधीच मनेरीहून निघाला होता. आधी रोहिलखंडातल्या आंवल्याला, रोहिल्यांचा म्होरक्या अली मुहम्मदखानाच्या चाकरीत, मग दिल्लीच्या राजकारणात. गाव त्यानं स्वतःच्याच नावानं वसवलं : नजीबाबाद.